आधी मळ ओळखा, मग बाटली उघडा: घराची स्वच्छता, सोड्यापासून मदतनीसांपर्यंत

नवं घर मांडलं की सिंकखालच्या कपाटात बघता बघता दहा-बारा बाटल्या जमतात. काचेची वेगळी, फरशीची वेगळी, ओट्याची वेगळी. तरीही नळावरचे पांढरे डाग जात नाहीत आणि पुसलेली फरशी पायाला चिकट लागते. बाटलीवरचं नाव बघून वस्तू निवडली जाते, समोरचा मळ बघून नाही, हे त्याचं सर्वांत मोठं कारण. मळाची जात ओळखता आली तर घरातलं बहुतेक काम पाच-सहा साध्या वस्तूंवर भागतं. आणि पुढे कामाला कोणी ठेवायचं ठरवलं, तर त्यांना नेमकं काय सांगायचं हेही कळतं.

मळाच्या जाती

कोरडा मळ म्हणजे धूळ, केस, माती. याला पाणी लागण्याआधी तो उचलायचा. ओल्या फडक्याने धूळ पुसली की तिचा चिखल होतो आणि तो फटींत जाऊन बसतो.

तेलकट चिकटा स्वयंपाकघरात, दारांच्या मुठींजवळ आणि स्विचबोर्डांवर असतो. तो अल्कलीने सुटतो: साबण, धुण्याचा सोडा, थोड्या प्रमाणात खाण्याचा सोडा. व्हिनेगर इथे फारसं चालत नाही.

पाण्यातल्या क्षारांचा थर नळांवर, शॉवरच्या जाळीवर, किटलीच्या तळाशी बसतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि फक्त आम्लाने विरघळतो. त्यावर साबण कितीही घासला तरी हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

रक्त, दूध, अंडं हे प्रथिनांचे डाग. यांना आधी थंड पाणी. गरम पाण्याने प्रथिनं घट्ट होतात आणि कापडाच्या धाग्यात पक्की बसतात. हट्टी डागांसाठी एन्झाइम असलेली धुण्याची पावडर घेऊन अर्धा-एक तास भिजत घालावं. मात्र लोकर आणि रेशीम हीच मुळात प्रथिनं असल्यामुळे त्यांवर ही पावडर वापरू नये.

उरले रंगाचे डाग आणि बुरशीची काळपट छटा. तिथे ऑक्सिजन सोडणाऱ्या वस्तू लागतात: हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम पर्कार्बोनेट.

डाग कुठल्या जातीचा हे कळत नसेल तर त्यावर पाणी शिंपडून बघा. ओला असताना दिसेनासा होणारा आणि वाळल्यावर पुन्हा उमटणारा पांढरा डाग क्षारांचा. बोट फिरवल्यावर ओढ लागत असेल तर चिकटा. बाथरूमच्या काचेवरची पांढुरकी साय बहुधा दोन्हींचं मिश्रण असते: जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जुळून न विरघळणारा थर तयार होतो. त्यावर आधी आम्ल, मग साबण, असा क्रम लागतो.

वेळ हीही एक वस्तू आहे

१९५९ मध्ये हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने सफाईचे चार घटक मांडले: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एकाचा वाटा कमी केला की उरलेल्या तिघांनी तो भरून काढायचा. व्यावसायिक सफाईत आजही हाच हिशोब शिकवतात, आणि घरगुती नैसर्गिक वस्तूंच्या बाबतीत तर तो फारच कामाचा आहे. सोडा किंवा सायट्रिक ॲसिड ही सौम्य रसायनं आहेत. ती लावली आणि लगेच पुसली तर काहीच होत नाही, आणि माणूस ठरवून टाकतो की “नैसर्गिक” म्हणजे कुचकामी. खरं तर तिथे पंधरा मिनिटं द्यायची राहून गेलेली असतात. लावा, दुसऱ्या कामाला जा, परत येऊन पुसा. फक्त लावलेला भाग वाळू द्यायचा नाही. वाळला की रसायनाचं काम थांबतं. उभ्या पृष्ठभागावर कागदी टॉवेल किंवा जुनं सुती फडकं भिजवून चिकटवलं की ओल टिकते.

कपाटात काय हवं

धुण्याचा सोडा हा चिकट्यावरचा मुख्य उपाय. त्याच्या द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; ७ म्हणजे उदासीन) साधारण ११ असतो, म्हणजे खाण्याच्या सोड्यापेक्षा (सुमारे ८.३) तो बराच तीव्र. १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा पावडर पुरते. तोच सोडा मोठ्या पारदर्शक खड्यांच्या रूपात मिळाला तर वजनाने सुमारे पावणेतीन पट घ्यावा लागतो, कारण त्या खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. एकाच कृतीने कुणाचं काम होतं आणि कुणाचं नाही, त्यामागे हा फरक असतो. हातमोजे घालूनच वापरा. ॲल्युमिनियमवर कधीही नको. ते काळं पडतं आणि झिजतं.

खाण्याचा सोडा मुख्यतः सौम्य घासणपूड म्हणून उपयोगी. त्याचे कण काचेपेक्षा मऊ असतात, त्यामुळे सिंक, चिनी मातीची भांडी, फ्रिजची आतली बाजू ओरखडे न पडता घासता येते. ३ भाग सोडा आणि १ भाग पाणी अशी लापशी करावी. चकचकीत प्लास्टिक आणि ॲक्रिलिकवर मात्र त्यानेही बारीक रेघा उमटू शकतात.

आम्लासाठी सायट्रिक ॲसिडची पूड ठेवा. व्हिनेगरपेक्षा ती सोयीची: वास नाही, जागा कमी लागते आणि हवं तेवढं तीव्र द्रावण करता येतं. रोजच्या कामाला १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे. व्हिनेगर असेल तर साधं ५ टक्क्यांचं घ्या. तीव्र ॲसेटिक ॲसिड घरात आणू नका, ते त्वचा भाजतं.

साधा द्रव साबण, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सोडियम पर्कार्बोनेटची पूड एवढं झालं की यादी संपली. पेरॉक्साइड उजेडात विघटित होतं, म्हणून ते गडद बाटलीतच राहू द्या. पर्कार्बोनेट थंड पाण्यात सुस्त असतं. ४० ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात ते नीट काम करतं. त्याचं द्रावण करून झाकण लावून ठेवू नये. ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

रिठ्याचं पाणी करायचं असेल तर बिया काढलेली ८-१० रिठ्यांची टरफलं १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५-२० मिनिटं उकळा, गाळा. हलक्या कपड्यांना आणि साध्या पुसण्याला ते छान. जाड चिकट्यावर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. त्यात टिकवणारं काही नसतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

फडकी मायक्रोफायबरची घ्या, निदान दहा, आणि रंगांनी वाटून टाका: संडासाचा एक रंग, बाथरूमचा दुसरा, स्वयंपाकघराचा तिसरा, बाकी घराचा चौथा. ही फडकी धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषायचं थांबतं.

जे एकत्र करायचं नाही

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढणं हा घरगुती उपायांतला सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाया जाणारा प्रकार. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात. हाती उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी आणि उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. दोन्ही वापरायचे असतील तर एकामागून एक, मध्ये धुऊन. तसंच खऱ्या साबणात व्हिनेगर घातलं की साबण फुटतो आणि चिकट गाठी होतात.

ही झाली वाया जाणारी मिश्रणं. खालची जिवावर बेततात:

- ब्लीच (बाजारात मिळणारं क्लोरीनचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रव) आणि कुठलंही आम्ल: संडासाचं क्लीनर, व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड. क्लोरीन वायू सुटतो. संडासात आधी आम्ल टाकून, ते न धुता वरून ब्लीच ओतणं ही यातली नेहमीची चूक.
- ब्लीच आणि अमोनिया. काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो, आणि साचलेल्या लघवीतही तो तयार होतो. यातून क्लोरामाइन वायू निघतात.
- ब्लीच आणि स्पिरिट किंवा सॅनिटायझर. क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगं तयार होतात.
- व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकाच बाटलीत. पेरॲसेटिक ॲसिड तयार होतं. ते डोळे आणि श्वासनलिका होरपळवतं.

डोळे चुरचुरले, घशात खवखव झाली तर मिश्रण आवरायला थांबू नका. बाहेर या, खिडक्या-दारं उघडी राहू द्या, इतरांनाही बाहेर काढा. त्रास थांबला नाही तर दवाखान्यात जा आणि कोणत्या दोन वस्तू मिसळल्या ते सांगा.

कुठलंही रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही, अगदी दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. घरात तयार केलेल्या प्रत्येक द्रावणावर नाव आणि तारीख लिहा. “नैसर्गिक” हा शब्द निर्धोकपणाची हमी नव्हे: टी ट्रीसारखी सुगंधी तेलं मांजरांना विषारी ठरतात आणि धुण्याचा सोडा मुलाच्या डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते.

कोणता पृष्ठभाग काय सोसत नाही

संगमरवर आणि चुनखडीच्या जातीचे दगड हे स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट असतात. जे आम्ल नळावरचा थर विरघळवतं, तेच दगडाची झिलई खातं. डाग गेला असं वाटतं, पण तिथे फिका, खरखरीत ठिपका राहतो आणि तो पॉलिश केल्याशिवाय जात नाही. या दगडांना फक्त पाणी आणि पीएच उदासीन असलेला साबण. ग्रॅनाइट बऱ्यापैकी सोसतो, तरी रोज आम्ल नकोच.

स्टीलवर ब्लीच राहू दिलं की बारीक खड्डे पडतात. संडासाचं हायड्रोक्लोरिक ॲसिडचं क्लीनर टाइलवर ओतलं तर टाइलमधल्या फटींतलं सिमेंट खाल्लं जातं आणि त्याच्या वाफेने शेजारचे स्टीलचे नळ गंजतात. लाकडाला पिळून काढलेलं फडकं पुरे. टीव्ही आणि संगणकाच्या पडद्यावर व्हिनेगर नाही, स्पिरिट नाही. किंचित दमट मायक्रोफायबर फडकं, तेही पडदा बंद आणि गार असताना. पृष्ठभाग कशाचा आहे याची शंका असेल तेव्हा न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून दहा मिनिटं थांबा.

कामाचा क्रम

वरून खाली, कोरड्यापासून ओल्याकडे, आतल्या भिंतीपासून दाराकडे. जळमटं, पंखा, कपाटांचे माथे, मग फर्निचर, मग केर, शेवटी फरशी पुसणं. पंखा सर्वांत शेवटी आठवला तर खालचं सगळं पुन्हा करावं लागतं. पंख्याच्या पात्याला उशीचा जुना अभ्रा चढवून दाबत बाहेर ओढला की धूळ अभ्र्यातच पडते. मुख्य स्विच बंद करूनच.

खोलीत शिरताच आधी भिजवायच्या जागा भिजवून घ्या: संडास, नळ, चिमणीची जाळी. मग धुळीचं काम. धूळ होईपर्यंत भिजवलेलं सुटलेलं असतं.

फवारा हवेत मारण्याऐवजी फडक्यावर मारा. फवाऱ्याचे बारीक थेंब थेट फुप्फुसात जातात. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, सहा हजारांहून अधिक लोकांच्या सुमारे वीस वर्षांच्या पाहणीत, सफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसाची क्षमता सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा वेगाने घटत गेल्याचं दिसलं. घरची सफाई करणाऱ्याही त्यात होत्या. तेव्हा खिडकी उघडणं ही पहिली पायरी धरा.

स्वयंपाकघर

इथला मळ तेल आणि धुळीचा मिळून झालेला असतो, आणि जितका जुना तितका तो रोगणासारखा कडक होतो. ताजा असताना साबणाच्या पाण्याने जाणारा थर सहा महिन्यांनी खरवडावा लागतो. म्हणून शेगडीमागची भिंत रोज पुसली तर अर्धा मिनिट लागतो.

चिमणीची जाळी काढून आधी ती कशाची आहे ते बघा. स्टीलची असेल तर ४ लिटर कडकडीत गरम पाण्यात ४ मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि १ चमचा द्रव साबण घालून ३० मिनिटं बुडवा, मग ब्रशने घासून धुवा. ॲल्युमिनियमची असेल तर सोडा पूर्ण वगळा; फक्त गरम पाणी आणि जास्त साबण, आणि वेळ दुप्पट. लोहचुंबक चिकटला तर जाळी ॲल्युमिनियमची नाही हे नक्की. मात्र काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा न चिकटल्यास वजन बघा. ॲल्युमिनियम स्पष्ट हलकं लागतं. जाळी पूर्ण वाळल्यावरच बसवा.

ओव्हनमध्ये करपलेल्या थरावर खाण्याच्या सोड्याची लापशी रात्रभर ठेवा, तापणाऱ्या सळ्या टाळून. सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. सोड्याची उरलेली पांढरी भुकटी फडक्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसली की निघून जाते. या ठिकाणी दोघांची गाठ मुद्दाम घालायची असते.

किटलीतल्या क्षारांसाठी १ लिटर पाणी उकळून, बंद करून, त्यात १ मोठा चमचा सायट्रिक ॲसिड टाका आणि २०-३० मिनिटं थांबा. द्रावण तीव्र करून ते बराच वेळ उकळत ठेवू नका. तसं केल्यास कॅल्शियम सायट्रेट तयार होतं. ते गरम पाण्यात आणखी कमी विरघळतं आणि पांढऱ्या गाळाच्या रूपात पुन्हा तळाशी बसतं. थर जाड असेल तर सौम्य द्रावणाचे दोन हात द्या.

सिंक तुंबलं तर बहुधा साबण आणि तेलाची गाठ असते. धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी चालेल, पण प्लास्टिकच्या नळीत उकळतं पाणी नको; ती मऊ पडून सांधे सुटू शकतात. पाणी हाताला चटका बसेल इतपत गरम पुरे. त्याने नाही झालं तर पंप वापरा किंवा खालचा वाकडा पाइप उघडून हाताने साफ करा. बाथरूमच्या जाळीखालचे केस कुठल्याही पावडरीने विरघळायची वाट बघू नका. हुकाने ओढून काढा.

बाथरूम आणि संडास

नळावर सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेलं फडकं गुंडाळून ३० मिनिटं ठेवा. सोनेरी किंवा मुलामा दिलेल्या नळांवर हे करू नका. शॉवरची जाळी निघत असेल तर द्रावणात तासभर बुडवा, नंतर सुईने नव्हे, जुन्या टूथब्रशने भोकं मोकळी करा. आम्ल लावलेलं सगळं भरपूर पाण्याने धुवा; रबराच्या वायशरना ते दीर्घकाळ सोसत नाही.

संडासातल्या पिवळट कड्यासाठी आधी ब्रशने दाबून भांड्यातलं पाणी खाली ढकला. पाणी उरलं तर आम्ल पातळ होतं आणि कडा तसाच राहतो. मग ३-४ मोठे चमचे सायट्रिक ॲसिड कड्यावर पसरून रात्रभर ठेवा, सकाळी घासा. काठाच्या आतल्या बाजूला, जिथून पाणी येतं, तिथे भिजवलेला कागद चिकटवायचा. त्या दिवशी संडासात ब्लीच टाकायचं नाही.

अंघोळीनंतर काच आणि टाइलवर वायपर फिरवायला एक मिनिट लागतो. क्षारांचा थर पाणी वाळल्यामुळे बसतो, म्हणून पाणी वाळू न देणं याच्यासारखा दुसरा उपाय नाही.

बुरशी दिसली तर आधी ओल कुठून येते ते शोधा. गळका पाइप, बंद खिडकी, दमट भिंतीला चिकटून ठेवलेलं कपाट. ओल तशीच ठेवून घासलेली बुरशी काही आठवड्यांत परत येते. टाइल आणि काचेवर ३ टक्के पेरॉक्साइड फवारून १० मिनिटांनी घासून पुसा. कोरडी बुरशी झाडूने झटकू नका; तिचे बीजाणू घरभर उडतात. सिलिकॉनच्या पट्टीत आतपर्यंत काळं गेलं असेल तर पट्टी कापून नवी भरणं हाच मार्ग. एक चौरस मीटरहून मोठा पट्टा असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर जाणकार माणूस बोलवा.

फरशी

पुसल्यावर फरशी लगेच मळत असेल तर साबण जास्त पडतोय. ५ लिटर पाण्याला १ लहान चमचा द्रव साबण पुरे. जास्तीचा साबण वाळून थर होतो, त्याला पायाची धूळ चिकटते, मग आपण आणखी साबण घालतो. एकदा दोन-तीन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसून तो जुना थर काढून टाका.

बादल्या दोन ठेवा: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. दुसऱ्या बादलीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला. नाहीतर पहिल्या खोलीची माती शेवटच्या खोलीत एकसारखी पसरवली जाते, आणि ती वाळल्यावर धूसर रेघा दिसतात.

गादी आणि गालिचाच्या वासासाठी खाण्याचा सोडा पसरून काही तास ठेवतात, उपयोग होतो. मात्र तो व्हॅक्यूमने ओढल्यावर फिल्टर लगेच झटकून घ्या, ती बारीक पूड फिल्टर चोंदवते. धुळीतल्या माइट किड्यांचा त्रास असेल तर चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुतले पाहिजेत. सोडा त्यांना काही करत नाही.

जंतू मारायची गरज केव्हा

रोजच्या फरशीला, टेबलाला जंतुनाशक लागत नाही. साबणाने मळ आणि त्याबरोबर बहुतेक जंतू निघून जातात. घरात उलटी-जुलाब किंवा संसर्गाचं आजारपण असेल, कच्चं मांस कापलेला ओटा असेल, तेव्हा लागतं. व्हिनेगर हे भरवशाचं जंतुनाशक नाही, हे नीट लक्षात ठेवा.

बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं ब्लीच असेल तर १ लिटर थंड पाण्यात २० मिलिलिटर घालून ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. उलटी-जुलाबाच्या जागी तेवढ्याच पाण्यात ब्लीच १०० मिलिलिटर घ्या. आधी घाण उचलून साबणाने पुसायचं, मग द्रावण लावून १० मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. मळावरच ब्लीच ओतलं तर मळच ते संपवून टाकतो. द्रावण रोज ताजं करा, हातमोजे घाला, रंगीत कपडे लांब ठेवा.

मदतीला माणूस ठेवताना

आधी एक आठवडा घरातल्यांनीच सगळं करून वेळ टिपा. कुठलं काम अडतं ते त्यातून समजेल. कुणाला रोजचा केर-फरशी जमते पण बाथरूम राहून जातं. कुणाला नेमकं उलट. अडलेलं काम बाहेर द्यायचं, सगळं नव्हे. एकदाच करायची सखोल सफाई आणि आठवड्याची नेमाची सफाई ही दोन वेगळी कामं आहेत. सखोल सफाईला दोन-तीन जणांचं पथक बोलवावं. नेमाच्या कामाला एकच ओळखीचं माणूस बरं, कारण घराच्या खाचाखोचा त्यांना पाठ होतात.

वेळेचा अंदाज बांधताना नेमाने सांभाळलेल्या बाथरूमला २०-२५ मिनिटं धरा. दुर्लक्षित असेल तर तासभर. फ्रिज रिकामा करून पुसायला ४० मिनिटं. पहिल्या भेटीला नेहमीच्या दुप्पट वेळ लागेल हे गृहीत धरा आणि पैसेही तेवढ्या वेळाचे ठरवा. दोन तासांत चार तासांचं काम सांगितलं की भिजवण्याची वेळ कापली जाते, तीव्र रसायन वापरलं जातं आणि नळ-फरशीचं नुकसान होतं. इथेही तोच चार घटकांचा हिशोब लागू आहे.

माणूस निवडताना ते आत्ता जिथे काम करतात अशा दोन घरी बोला. “चांगलं करतात का” असं विचारू नका. वेळ पाळतात का, न येण्याचं आधी कळवतात का, काही फुटलं तर स्वतः सांगतात का, हे विचारा. संस्थेमार्फत येणार असतील तर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: दरवेळी तीच व्यक्ती येईल का, इजा झाल्यास विमा कोणाचा, आणि दिलेल्या पैशांतले त्या व्यक्तीच्या हाती किती जातात. तिसरा प्रश्न अवघड वाटला तरी विचारायलाच हवा.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. कामाच्या अटी समजतील अशा भाषेत आणि शक्यतो लेखी द्याव्यात, आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी मिळावी, कामाची जागा सुरक्षित असावी, हे त्यात सांगितलं आहे. तुमच्या देशाचा कायदा वेगळा असेल तर तो पाळाच, पण हा किमान पाया समजा. वेतनाचा दिवस, पगारी रजा, तुम्ही बाहेरगावी गेलात तर वेतनाचं काय, आणि वस्तू फुटली तर काय, हे पहिल्याच दिवशी ठरवा. चुकून फुटलेल्या वस्तूचे पैसे वेतनातून कापू नयेत. फार मोलाच्या, नाजूक वस्तू तुम्हीच पुसा. घरात कॅमेरा असेल तर त्यांना आधी सांगा.

कामाची यादी निकालाच्या भाषेत लिहा. “बाथरूम साफ करणे” यातून दोघांच्या मनात दोन चित्रं उभी राहतात. त्याऐवजी:

- नळ: क्षाराचे डाग नाहीत, शेवटी कोरड्या फडक्याने पुसलेला.
- संडास: आतला काठ, बाहेरची बाजू आणि बिजागरं धरून. लाल फडकं फक्त इथे.
- फरशी: कोपऱ्यांतले केस आधी कोरडे उचललेले.
- दगडी ओटा: फक्त उदासीन साबण. आम्ल नाही, ब्लीच नाही.

ही यादी कपाटाच्या दारावर आतून चिकटवा. वाचता येत नसेल तर पहिल्या दिवशी प्रत्येक जागेसमोर उभं राहून दाखवा आणि बाटल्यांना रंगीत पट्ट्या लावा. त्यांनी आणलेलं रसायन कुठलं आहे ते विचारा, विशेषतः पथक येणार असेल तेव्हा. संगमरवरावर आम्ल ओतलं जाण्याचे प्रकार या भेटींतच जास्त होतात. हातमोजे त्यांच्या मापाचे, स्थिर शिडी आणि उघडी खिडकी ही तुमची जबाबदारी. खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर उभं राहून काच पुसायला कुणालाही सांगू नका. आतून पोहोचत नसेल तर लांब दांड्याचा वायपर घ्या, आणि त्यानेही होत नसेल तर सुरक्षेची साधनं असलेले लोक बोलवा.

पहिला महिना चाचणीचा ठेवा. प्रत्येक भेटीनंतर त्यांच्यासोबत पाच मिनिटं फिरा, दिवसाच्या उजेडात. नळाचं मूळ, दारामागचा कोपरा, स्विचबोर्ड, संडासाची बिजागरं आणि सिंकची कड एवढ्या पाच जागा बघितल्या तरी अंदाज येतो. जे छान झालं ते आधी सांगा, मग राहिलेली एकच जागा दाखवा. तीच जागा तीन वेळा राहिली तर विचारा: वेळ कमी पडतो, वस्तू चुकीची आहे, की हात पोहोचत नाही? वेळ कमी पडत असेल तर पैशांसह अर्धा तास वाढवा, किंवा यादीतलं एखादं काम काढून ते घरातल्या कुणाच्या तरी नावावर लिहा.